साभार परत, पण कारणासह

एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक. तालुक्याच्या गावातून त्यांनी बरीच वर्षं एक अनियतकालिक चालवलं. दुसरी त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी. आता ती महाविद्यालयात मराठी शिकवते, कविता लिहिते आणि जात्यावरच्या ओव्यांवर संशोधन करते. एका ऑनलाइन वाङ्मयीन नियतकालिकाकडे तिला काही कविता आणि ओव्यांवरचा एक लेख पाठवायचा आहे. त्या नियतकालिकाचं आवाहन सरांनी वाचलंय, आणि त्यांचा या पाठवण्यालाच आक्षेप आहे.

सर : शब्दमर्यादा, युनिकोड, फाइलमध्ये नाव नको, परिचय शंभर शब्दांत, अंकाचं सूत्र अमुक. अगं, हे लोक साहित्य मागवताहेत की निविदा?

लेखिका : निविदा निदान सगळ्यांसमोर निघते, सर, आणि कोणालाही भरता येते. तुमच्या वेळी कविता कुठे पाठवायची हे कळायलाच कोणाची तरी ओळख लागायची.

सर : ओळख नाही, वाचन लागायचं. अंक वाचणाऱ्याला पत्ता अंकातच मिळायचा.

लेखिका : अंक हाती तर यायला हवा! तुम्ही मला वर्गात शिकवत होतात म्हणून तुमचा अंक मला दिसला. गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या मुलीला तो कोण दाखवणार होतं? आता आवाहन फोनवर येतं. पणजीची, नागपूरची, न्यू जर्सीत स्थायिक झालेली, सगळ्याजणी एकाच तारखेच्या आत एकाच ठिकाणी पाठवतात.

सर : आणि पाठवून झाल्यावर? ‘सत्यकथा’ मासिकाकडे कथा गेली की संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्र लिहीत. कथा कुठे सैल पडली, हे पात्र असं का वागलं, शेवट घाईत उरकला का. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. कथा नाकारली गेली तरी ती वाचली गेली हे कळायचं. तुझ्या आवाहनाची शेवटची ओळ वाच : ‘निवड झालेल्यांनाच कळवले जाईल.’ बाकीच्यांनी काय समजायचं?

लेखिका : ती ओळ मलाही खटकते. पण ‘सत्यकथे’चा दाखला तुम्ही द्यावा याची गंमत वाटते. तिच्या चौकटीबाहेर लिहायचं म्हणूनच अनियतकालिकं निघाली ना? १९५४च्या सुमाराला दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढत होते. पुढे अशोक शहाण्यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाड्यांचं ‘वाचा’. १९६९ मध्ये तर राजा ढाले आणि मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळीच केली.

सर : केली. पण आधी ती वाचली होती. ओळ न् ओळ वाचल्याशिवाय माणसाला एवढा राग येत नाही. तुमच्या ऑनलाइन अंकांमधला कोणता अंक, जाळावासा वाटेल इतका नीट कोणी वाचलाय?

लेखिका : मान्य, रागावण्याइतकं वाचणारे कमी झालेत. पण ते छापील अंकांच्या बाबतीतही झालंय. त्याचं खापर पडद्यावर का?

सर : बरं, मग सूत्राचं बोल. आधी विषय द्यायचा आणि मग कविता मागवायची. शाळेतल्या निबंधस्पर्धेत असं करतात.

लेखिका : तुमच्याकडे दिवाळी अंकांची परिसंवादाची पानं याच रीतीनं भरत आली, त्याला कोणी स्पर्धा म्हटलं नाही. पुण्यातून ‘हाकारा’ निघतं, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, ऑनलाइन. त्याच्या प्रत्येक अंकाला सूत्र असतं. त्यामुळे एकाच विषयाभोवती कविता, ललित गद्य, चित्रं आणि अभ्यासलेख शेजारीशेजारी बसतात. संशोधन करणारे कविता वाचत नाहीत आणि कवी संशोधन वाचत नाहीत, ही आपल्याकडची जुनी तक्रार. इथे निदान दोघं एका पानावर येतात.

सर : सूत्र वाचून तू नवी कविता लिहिणार आहेस का?

लेखिका : नाही. माझ्याकडे आहेत त्यांतल्या कोणत्या त्या अंकात शोभतील ते बघणार. एकही शोभली नाही तर पुढच्या अंकापर्यंत थांबणार. आवाहन वाचून दोन रात्रींत लिहिलेली कविता संपादकाला लगेच कळते.

सर : हे मात्र बरोबर बोललीस. माझ्याकडेही पावसाळी विशेषांक म्हटलं की सगळ्यांना एकदम पाऊस सुचायचा. आता मुख्य मुद्दा. फाइलमध्ये नाव नको म्हणजे काय? माणसानं आपल्याच कवितेखाली नाव घालायचं नाही?

लेखिका : तो नियम लेखासाठी आहे. लेख दोन परीक्षकांकडे जातो. त्यांना लेखक माहीत नसतो, लेखकाला ते माहीत नसतात. म्हणून लेखातून नाव काढायचं, ऋणनिर्देश काढायचा, ‘माझ्या आधीच्या लेखात मी म्हटल्याप्रमाणे’ हेही काढायचं. फाइलच्या गुणधर्मांमध्ये संगणक आपणहून लेखकाचं नाव टाकतो, तेही पुसायचं. ते बरेच जण विसरतात.

सर : आणि एवढं पुसून उपयोग काय? जात्यावरच्या ओव्यांवर मन लावून काम करणारी माणसं मराठीत मोजकी. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात तुला ओळखतील. मग हे निनावीपण एकाच बाजूचं राहतं. ते तुला ओळखतात, तुला मात्र ते कोण हे कधीच कळत नाही. आडून दगड मारायची सोय.

लेखिका : लहान क्षेत्रात तो धोका आहे, खरं. पण उलटा धोका मोठा आहे. नाव बघून लेख घेतला जातो, आडनाव बघून टाळला जातो. मी एका गावच्या कॉलेजात शिकवते. माझ्या नावामागे मोठं विद्यापीठ नाही. नाव झाकलं की लेख तेवढा उरतो.

सर : संपादक चोखंदळ असेल तर झाकाझाकीची गरज नसते.

लेखिका : चोखंदळ संपादकही फसतात, सर. ॲलन सोकल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं ‘सोशल टेक्स्ट’ या अमेरिकन नियतकालिकाकडे एक लेख पाठवला. भौतिकशास्त्राच्या नावाखाली मुद्दाम भरलेला बनाव होता तो. १९९६ मध्ये तो अंकात छापून आला आणि त्यानं लगेच दुसरीकडे लिहून ते उघड केलं. तेव्हा तिथे बाहेरचे परीक्षक नव्हतेच, संपादक मंडळानंच लेख घेतला होता. एका भौतिकशास्त्रज्ञाला वाचायला दिला असता तर पहिल्या पानावर थांबला असता.

सर : लेखापुरतं मानतो. तपशील तपासायला त्या विषयाचा जाणकार हवाच. पण कवितेला परीक्षक? दोन माणसं तक्ता भरणार, ‘मौलिकता, भाषाशैली, सामाजिक प्रासंगिकता’, आणि गुणांची बेरीज करणार? एकाला आवडलेली आणि दुसऱ्याला अजिबात न आवडलेली कविता त्या बेरजेत पडते. दोघांना जेमतेम बरी वाटलेली वर येते. वाङ्मयीन नियतकालिक अशानं गुळमुळीत होतं. कविता एका माणसानं निवडावी आणि तिच्यासाठी त्यानं शिव्या खायची तयारी ठेवावी.

लेखिका : यावर आपलं भांडण नाही. बऱ्याच ठिकाणी कविता-कथा संपादक बघतात आणि अभ्यासलेख परीक्षकांकडे जातो. एका अंकाच्या आत दोन निराळ्या वाटा असाव्यात, हे मलाही पटतं. पाठवताना आपण कोणत्या वाटेनं जातोय हे मात्र लेखकाला माहीत पाहिजे.

सर : आता तू ऑनलाइनच का, ते सांग. ‘नवभारत’, ‘अनुष्टुभ्’, ‘भाषा आणि जीवन’ यांच्याकडे लेख का पाठवत नाहीस?

लेखिका : पाठवलाही असता. पण माझा लेख ओव्यांच्या चालीवर आहे. एकच ओवी दोन गावांत दोन चालींनी म्हटली की तिच्यातला ठहराव बदलतो आणि कधीकधी अर्थही सरकतो. कागदावर मी ते कसं दाखवू? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्यांतल्या पुष्कळ ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर वाचता येतात, आणि काही त्या बायकांच्या आवाजात ऐकताही येतात. ऑनलाइन लेखात मी विधान करते आणि त्याखाली आवाज ठेवते. वाचकानं ऐकावं आणि मला खोडून काढावं. छापील लेखात वाचकाला माझ्या कानावर विश्वास ठेवावा लागतो.

सर : हं. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्या बाईचा आवाज ठेवशील तिचं नाव आणि गाव लेखात असू दे. निनावीपणाचा नियम तिला लावू नकोस.

लेखिका : तिची संमतीही हवी, आणि तिचा आवाज कुठे, कोण ऐकणार हे सांगून घेतलेली हवी. आवाहनात याबद्दल एक अक्षर नाही. मी संपादकांना विचारणार आहे.

सर : चांगलं करशील. आता जरा अडचणीचा प्रश्न. हा सगळा खटाटोप पदोन्नतीच्या गुणांसाठी तर नाही?

लेखिका : तसा असता तर इतका त्रास घेतला नसता. रोज निरोप येतात : आंतरराष्ट्रीय जर्नल, आयएसएसएन आहे, फी भरा, आठवड्यात प्रकाशित. आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक. नियतकालिक अमुक नावानं निघतं, एवढंच तो सांगतो. दर्जाची हमी त्यात नाही. पण स्टाफरूममध्ये तो प्रमाणपत्रासारखा मिरवतात.

सर : दोष त्या निरोप पाठवणाऱ्यांचा नाही. गिऱ्हाईक तयार कोणी केलं? २०१० पासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पदोन्नतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण मोजायला लावले. माझ्या शेवटच्या वर्षांत मी पाहिलंय, आयुष्यात दोन पानं न लिहिलेली माणसं रातोरात शोधनिबंधकार झाली.

लेखिका : आणि त्यावर उपाय म्हणून याद्या आल्या. मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग २०१९ मध्ये पारखलेल्या नियतकालिकांची केअर यादी आली. तिच्या छाननीचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षात चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केल्याचं जाहीर केलं. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि आमच्यावर आहे.

सर : कसं पारखशील?

लेखिका : मागचे अंक उघडून वाचते. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का आणि त्यांनी या विषयात काही लिहिलंय का, हे बघते. प्राचीन काव्यापासून मत्स्यशेतीपर्यंत सगळं एकाच अंकात असेल तर तिथूनच परत फिरते. वाचण्याआधीच स्वीकृती आणि त्याबरोबर फीचा आकडा आला, तर ते दुकान आहे.

सर : म्हणजे शेवटी वाचनावरच आलीस. यादी असो नसो, अंक वाचल्याशिवाय लेख पाठवायचा नाही.

लेखिका : आले. त्याबाबतीत तुम्ही जिंकलात.

सर : जिंकलो तर मग हेही ऐक. तुझ्या कविता मी पाठ्यपुस्तकासारख्या नीट ओळींत वाचल्या. त्या फोनवर कशा दिसतील? लांब ओळ मध्येच मोडून खाली येईल. तू सोडलेली मोकळी जागा नाहीशी होईल. कागदावर ओळ कुठे तुटते ते कवी ठरवतो. तिथे फोनची रुंदी ठरवणार.

लेखिका : खरं आहे. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये देतात आणि सोबत पीडीएफ जोडतात. ओळी कुठे तुटायला हव्यात, जागा किती सोडायची, हे संपादकाला त्यावरून कळतं. काही जण नुसती पीडीएफ पाठवतात. तिच्यातून मजकूर काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरं उलटीपालटी होतात.

सर : माझं सगळं जुनं लेखन श्रीलिपीत आहे. माझ्यासारख्यानं काय करायचं?

लेखिका : रूपांतर करून मिळतं, पण त्यानंतर एकदा हातानं तपासावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यामागे रोमन अक्षरांचे संकेत असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तुमचा लेख म्हणजे निरर्थक अक्षरांची रांग दिसते. रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र हमखास बिघडतो, ‘ॲ’ही बिघडतो. पण एकदा युनिकोडमध्ये आलं की तुमचा लेख शोधता येतो. उद्या कोणी एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कवीचं नाव टाकून शोधलं तर तुमच्या त्या पानावर पोचेल. छापील अंकाच्या बाबतीत त्याला आधी असा अंक निघाला होता हे माहीत असावं लागतं.

सर : शोधता येईल, तो आहे तोवर. संपादकाचा उत्साह संपला, डोमेनचे पैसे भरले नाहीत, की सगळे अंक एका दिवसात गडप. २००९ मध्ये याहूनं जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांची असंख्य पानं गेली. माझे अंक पिवळे पडलेत, पण आहेत.

लेखिका : कुठे आहेत? तुमच्या कपाटात. पुस्तक छापलं की प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्यात असा १९५४चा कायदा आहे. अनियतकालिकं काढणाऱ्यांनी अंक कुठे जमा केले? आज ‘शब्द’चे सगळे अंक बघायचे म्हटले तर अभ्यासकाला दारोदार फिरावं लागतं. टिकणं कागदावरही आपोआप होत नाही. माझ्यापुरतं मी असं करते : प्रकाशित झालं की त्या पानाची नोंद इंटरनेट आर्काइव्हमध्ये करून ठेवते आणि एक छापील प्रत घरी ठेवते.

सर : माझं कपाट काढलंस, चालायचंच. तुझ्या कवितांतल्या दोन मी आधी कुठेतरी वाचल्यात.

लेखिका : फेसबुकवर. म्हणून त्या या गठ्ठ्यातून काढायच्या आहेत. ‘पूर्वप्रकाशित नको’ असं लिहिलंय आणि समाजमाध्यमावर टाकलेलं ते पूर्वप्रकाशितच धरतात.

सर : का? कोणी संपादित केली नाही, कोणी निवडली नाही. कवीनं चारचौघांत कविता म्हटली तर ती प्रकाशित होते का?

लेखिका : लोकांनी वाचली म्हणजे प्रकाशित झाली, असा त्यांचा विचार. मला आणखी एक कारण पटतं. फेसबुकवर शंभर जणांनी ‘वा’ म्हटल्यावर त्या कवितेतली एकही ओळ बदलायला मन तयार होत नाही. संपादकानं काही सुचवलं तर मी त्या शंभर जणांच्या आड लपते.

सर : हे मी माझ्या कवींना सांगायला हवं होतं. त्या वेळी काव्यसंमेलनातल्या टाळ्या होत्या. आणि हक्कांचं काय? आम्ही कोणी कधी सही घेतली नाही, कोणी मागितली नाही.

लेखिका : तेव्हा पुढे वादही कमी झाले. आता वाचूनच सही करते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवायचे तर लेखी लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. वेबवरचा अंक तर जगभर दिसतो, म्हणजे हे स्पष्ट लिहून घेणं दोघांच्याही हिताचं. प्रथम प्रकाशनाचा हक्क त्यांचा आणि बाकी सगळं माझ्याकडे, म्हणजे पुढे संग्रहात घेता आलं पाहिजे, एवढं मी बघते. मानधन बहुतेक ठिकाणी नाही. तिथे निदान तुमची परंपरा चालू आहे.

सर : टोमणा पोचला. अगं, छपाईचे पैसेही आम्हीच घालायचो. आणि ‘एकाच वेळी दुसरीकडे पाठवू नये’ असं लिहितात, ते पाळतेस?

लेखिका : उत्तर किती दिवसांत देणार हे लिहिलं असेल तर पाळते. माझा लेख वर्षभर अडकवून ठेवायचा आणि मी मात्र एकनिष्ठ राहायचं, हे मला मान्य नाही. मुदत उलटली की एक स्मरणपत्र, मग लेख मागे घेतल्याचं पत्र.

सर : हे बघ, माझा आक्षेप पडद्याला नव्हताच बहुधा. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ काढलं. आधी कुठेच जागा न मिळालेली माणसं त्यात लिहू लागली, मेळाव्यांना भेटू लागली, एकमेकांचं वाचू लागली. नियतकालिक लेखक घडवतं ते असं. तुझ्या आवाहनानं दार उघडलं, मान्य. पण आत गेल्यावर समोर माणूस नाही. नकारही यंत्र पाठवतं.

लेखिका : आणि माझा आक्षेप असा की तुमच्याकडे माणूस होता, पण तो कोणासमोर असायचा? जो आधीच जवळ होता त्याच्या. लांबच्याला ते पत्र कधी मिळालंच नाही. मला दोन्ही हवंय, सर. दार उघडं हवं आणि आत कारण सांगणारं कोणीतरी हवं. म्हणूनच तुमच्याकडे आलेय. या नियतकालिकाला मराठी लोकसाहित्यावरच्या लेखांसाठी परीक्षक हवे आहेत. माझा लेख सोडून बाकीचे. तुमचं नाव सुचवू?

सर : नाव लपवून मत द्यायचं? नाही. आयुष्यभर जे म्हटलं ते सही करून म्हटलं.

लेखिका : मग सही करा. खुलं परीक्षणही असतं. ‘बीएमजे’ हे वैद्यकीय नियतकालिक १९९९ पासून परीक्षकांची नावं लेखकांना कळू देतं. संपादकांनी मानलं तर मराठीतही करता येईल.

सर : आणि एखाद्या तरुण परीक्षकाला आपल्याच विभागप्रमुखाचा लेख नाकारायचा असेल तर? त्याला सही परवडेल का?

लेखिका : त्याला नाही परवडणार. त्याच्यासाठी निनावीपण राहू दे. तुम्हाला आता कोणाकडून पदोन्नती घ्यायची नाही की कोणाची भीती नाही. सही करणं ज्यांना परवडतं त्यांनी ती करावी.

सर : मग संपादकांना माझ्या अटी कळव. कविता पाठवायच्या नाहीत, त्यांचा निवाडा मी तक्त्यात भरणार नाही. लेख एका वेळी एकच. महिन्यात उत्तर देईन. माझं पत्र लेखकाला पूर्ण द्यायचं, संक्षेप करून नाही. लेख घ्या किंवा परत करा, तो तुमचा अधिकार. पण परत केलेल्या लेखासोबतही ते पत्र गेलं पाहिजे.

लेखिका : आणि ते नाही म्हणाले तर?

सर : तर त्यांनाही सांग, नकाराचं कारण कळवा.